निळं रिंगवालं बॅरल, लाइफ जॅकेट आणि बॅटरी : पुराच्या गावातनं सहा पावसाळ्यांचा रिव्ह्यू

दरवर्षी मे महिना संपत आला की मला नणंदांचे, मैत्रिणींचे, बचत गटातल्या बायकांचे मेसेज सुरू होतात, ते तुमचं निळं बॅरल कुठनं आणलं, केवढ्याला पडलं, आत पाणी शिरत नाही का खरंच. प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते. आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठावर, घराच्या मागं ऊस आणि उसाच्या मागं नदी. फेब्रुवारी २०२० मध्ये, लॉकडाऊन लागायच्या आधी, सांगलीच्या गणपती पेठेतल्या एका प्लॅस्टिकच्या दुकानातनं दोन बॅरल घेतली, एक १०० लिटरचं आणि एक ५० चं. लाइफ जॅकेट, बॅटऱ्या, दोर हे त्याच वर्षी हळूहळू जमवलं. त्याला आता सहा पावसाळे झाले, त्यातला एक पावसाळा २०२१ चा, त्यामुळं सामान नुसतं कोपऱ्यात पडून होतं असं नाही, पाण्यात राहून आलेलं सामान आहे.

ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी आधीच सांगते. ५० लिटरचं बॅरल घ्या, नक्की घ्या, पण झाकणातलं रबर बघून घ्या. १०० चं घेऊ नका, आम्ही घेतलं ते चुकलं. ऑनलाइन दिसणारी स्वस्तातली लाइफ जॅकेट अजिबात घेऊ नका. चार्जिंगच्या बॅटरीबरोबर सेलवाली एक साधी बॅटरी पाहिजेच.

आता बॅरल का घ्यावं लागलं ते. २०१९ ला आमच्याकडं लोखंडी ट्रंक होती, सासूबाईंच्या लग्नातली. त्यात सगळं असायचं, जमिनीचं खरेदीखत, रेशनकार्ड, पासबुकं, कारखान्याच्या शेअरचा दाखला, पोरांचे जन्मदाखले, माझी डीएडची मार्कशीट. आमच्या सोप्याच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण आहे, मामांनी म्हणजे सासऱ्यांनी स्वतः गेरूनं ओढलेली रेघ, उंबऱ्यापासून दोन फुटांवर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी वाढत होतं तेव्हा मामा त्या रेघेकडं बोट दाखवून म्हणाले, "पाच सालाला हितवर आलं, ह्याच्या वर कृष्णामाई येत न्हाई." म्हणून आम्ही खाटेवर टेबल ठेवलं, टेबलावर ट्रंक ठेवली, आणि झालं आपलं काम म्हणून निवांत बसलो. गावात निम्म्या घरांनी हेच केलं, सगळ्यांकडं २००५ ची रेघ होती आणि सगळ्यांनी त्या रेघेवर विश्वास ठेवला. २००५ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी साधारण ५३-५४ फुटांपर्यंत गेलं होतं, २०१९ ला ते ५७ च्या वर गेलं. तीन-चार फुटांचा फरक ऐकायला काहीच वाटत नाही पण आमच्या घरात तो फरक म्हणजे टेबलावरची ट्रंक बुडणं.

पाणी उतरल्यावर ट्रंक उघडली तेव्हा आत वर पाणी नव्हतं, खाली चार बोटं गाळ होता, आणि कागदांची एकच वडी झाली होती. आत्तींनी म्हणजे सासूबाईंनी ती वडी ताटात घेतली आणि स्वयंपाकाच्या उलथन्यानं एकेक पान सोडवायला बसल्या, भाकरी उलटतात तशा हळू. खरेदीखताचं पहिलं पान निघालं, दुसऱ्या पानावरची शाई तिसऱ्यावर उमटली होती. माझी मार्कशीट निघालीच नाही. डुप्लिकेट कागद काढायला नंतर जे हेलपाटे झाले, किती कचेऱ्या, किती अर्ज, त्यात मामांचं अख्खं वर्ष गेलं आणि मजुरी बुडवून माझे मिस्टर फिरले ते वेगळंच. पुराची भरपाई मागायला जायचं तर आधी तेच कागद लागतात जे पुरात गेलेत.

म्हणून बॅरल. शेजारच्या गल्लीतल्या एका मावशींनी २०१९ ला पिठाच्या बॅरलमध्ये कागद टाकून झाकण घट्ट लावलेलं, ते बॅरल उसात अडकलेलं सापडलं आणि आतलं सगळं कोरडं. तेव्हाच मी ठरवलं होतं.

दुकानाबद्दल. दुकानदार साठीचे, त्यांच्या दुकानात २०१९ ला पाणी आलेलं, शटरच्या आतल्या बाजूला त्याची रेघ अजून दिसते. मी म्हटलं घट्ट झाकणाचं बॅरल द्या, तर त्यांनी लगेच माल काढला नाही, आधी विचारलं, "कशाला पाहिजे वहिनी, पाण्याला, धान्याला का पुराला?" पुराला म्हटल्यावर ते आत गेले आणि वेगळं आणलं. बॅरल दोन प्रकारची असतात, एक फिरवून लावायच्या झाकणाचं आणि एक अख्खं तोंड उघडणारं, ज्याच्या झाकणावरनं लोखंडी रिंग बसते आणि खटका दाबला की आवळते. फिरकीचं तोंड लहान, त्यात फाइल जात नाही, वाकवून कोंबावी लागते. रिंगवाल्यात फाइल, कपडे, पोरांची दप्तरं सगळं सरळ जातं. मग त्यांनी झाकण उलटं करून आतलं काळं रबर बोटानं बाहेर ओढून दाखवलं आणि म्हणाले, "बॅरलला काय होत न्हाई वहिनी, मरतं ते रबर. दरसाली हे असं ताणून बघायचं, चिरा दिसल्या की बदलायचं." एक जादा रबर त्यांनी पैसे न घेता दिलं. ५० चं साडेसहाशेला आणि १०० चं अकराशेला पडलं तेव्हा, आता जास्त असणार.

एक गोष्ट त्यांनी आवर्जून सांगितली ती तुम्हालाही सांगते. बाजारात जुनी बॅरल निम्म्या किमतीत मिळतात, कारखान्यातनं केमिकल येऊन गेलेली. ती घेऊ नका, कितीही धुतली तरी वास जात नाही, आणि पुराच्या वेळी गडबडीत आपण त्यात पीठ-तांदूळ भरणारच. नवीन बॅरलच्या बुडाला त्रिकोणात २ आकडा असतो, ते एचडीपीई प्लॅस्टिकचं, जाड आणि चिवट. झाकण उघडून नाक घालून वास घ्या, कुणी हसलं तरी घ्या.

घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे टेस्ट. बॅरलमध्ये खाली-वर वर्तमानपत्र लावलं, वजनाला आत चार विटा टाकल्या, रिंग आवळली आणि परसातल्या हौदात आडवं दाबून वरनं दगड ठेवून एक रात्र सोडलं. सकाळी ५० च्यातला पेपर खडखडीत, १०० च्यातला झाकणाकडचा पेपर एका कोपऱ्यात ओला. रिंग एका बाजूला नीट बसली नव्हती, झाकणाच्या काठावर प्लॅस्टिकचा बारीक कणा राहिलेला, तो ब्लेडनं तासला आणि परत टेस्ट केली, मग व्यवस्थित. ही टेस्ट प्रत्येकानं करा, पाऊस लागायच्या आधी करा, दुकानातलं बॅरल कितीही भारी असू दे.

मग आलं २०२१. जुलैची २२ तारीख, घाटमाथ्यावर असा पाऊस झाला की महाबळेश्वरला एका दिवसात जवळजवळ ६०० मिलिमीटर, आणि ते सगळं आमच्याकडंच येणार होतं. कराडला कोयना कृष्णेला मिळते, हरिपूरला वारणा, पुढं नृसिंहवाडीला पंचगंगा, सगळ्या एकदम भरून आल्या की पाणी पुढं सरकत नाही, फुगून मागं येतं, आमचा पूर हा असा असतो, धो धो येत नाही, चढत राहतो. यावेळी आम्ही रेघेकडं बघत बसलो नाही, ट्रॅक्टर ठरवला आणि २३ ला निघालो. ट्रॉलीत दोन म्हशी, एक रेडकू, आत्ती-मामा, पोरं, धान्याची दोन पोती आणि शेजारचं एक बाळंतपणाचं घर. बॅरलला जागाच उरली नाही. दोन्ही बॅरल घरात ठेवून जावं लागलं.

आणि इथंच १०० च्या बॅरलची चूक कळली. भरलेलं बॅरल आम्हा तिघांना उचललं नाही, आत भांडी, कपडे, पोरांची पुस्तकं, मिक्सर, सगळं कोंबलेलं, चाळीस-पंचेचाळीस किलो सहज असेल. ते माळ्यावर काही जाईना, मग सोप्यातच लोखंडी कॉटच्या पायाला आखूड दोरीनं करकचून बांधलं. ५० चं मात्र मी आणि मोठ्या पोरानं मिळून कॉटवर चढवलं आणि खिडकीच्या गजाला आठ-दहा फुटांचा लांब दोर लावून बांधलं.

चार-पाच दिवसांनी परत आलो. सोप्यात पाणी सव्वातीन फुटांपर्यंत येऊन गेलेलं, मामांच्या रेघेच्या वर नवीन मातीची रेघ. ५० चं बॅरल खिडकीपाशी गाळात आडवं पडलेलं, म्हणजे पाण्याबरोबर वर गेलं, तरंगलं, उतरताना खाली आलं. रिंग उघडली, आत कोरडं. १०० चं मात्र कॉटला आखूड बांधलेलं म्हणून वर जाऊ शकलं नाही, पाण्यानं ते तिरकं केलं आणि झाकण चार दिवस पाण्याखाली राहिलं. आत दोन तांबे पाणी, खालची पुस्तकं गेली. हौदात एका रात्रीत पास झालेलं बॅरल चार दिवसांत थोडं गळलंच.

त्यातनं जे कळलं ते असं की बॅरल तरंगणारच, त्याला रोखायचं नाही. ५० लिटरच्या बॅरलचं स्वतःचं आणि आतल्या सामानाचं मिळून वजन ५० किलोच्या आत असेल तर ते बुडत नाही, साधा हिशोब आहे. म्हणून बांधायचं ते वाहून जाऊ नये म्हणून, खाली धरून ठेवायला नाही. दोर लांब ठेवा, नायलॉनचा घ्या, गाठ बॅरलच्या मधल्या खाचेत मारा, रिंगेला नाही, रिंगेला ओढ बसली की खटका उघडू शकतो. गॅसच्या टाकीचंही तेच, भरलेली टाकीसुद्धा तरंगते, २०१९ ला आमच्या गल्लीतनं वाहत जाताना मी बघितल्यात, रेग्युलेटर काढून कॅप लावून टाकी बांधून ठेवा.

अजून एक. कोरडं म्हणाले मी, पण ५० च्या बॅरलमधल्या दोन फाइलींना बुरशीचा वास येत होता. पाणी शिरलं नव्हतं, दमट हवा आम्हीच आत कोंडली होती, कारण सगळं २३ जुलैला भर पावसात ओल्या हातांनी भरलेलं, आणि वरनं एक अर्धवट वाळलेली चादर टाकलेली. आता मी मे महिन्यात, कडक उन्हात, बॅरल दिवसभर उघडं वाळवून मगच भरते, प्रत्येक फाइल झिपच्या पिशवीत, आणि तळाला चपलांच्या नि बुटांच्या खोक्यात येतात त्या पांढऱ्या पुड्या साठवून टाकते. घरच्या प्रिंटरवर काढलेल्या रंगीत प्रती ओलीनं लगेच पसरतात, झेरॉक्स टिकते. मूळ खरेदीखत लॅमिनेट करू नका. आधार, मार्कशीट असलं डिजिलॉकरवर ठेवलंय, बाकी सगळ्याचे फोटो काढून पुण्यातल्या दिराच्या फोनवर पाठवून ठेवलेत, म्हणजे आमचे फोन बुडाले तरी कुठंतरी आहेत.

आणि खरे कागद आता बॅरलमध्ये नसतातच. ते एका खांद्याच्या पिशवीत असतात, दाराच्या मागच्या खिळ्याला, आणि निघताना ती आत्तींच्या खांद्याला. बॅरल हे मागं राहणाऱ्या सामानासाठी. हे मी इतकं सांगते कारण २०२१ ला आमच्याच गल्लीत एक घर दोन तास उशिरा निघालं, बॅरल भरायचं राहिलंय म्हणून. शेवटी त्यांना बोटीनं काढावं लागलं, लहान पोरासकट. मला अजून ते आठवलं की अंगावर काटा येतो.

बोटीवरनं लाइफ जॅकेटचं. ब्रह्मनाळ आमच्याच तालुक्यातलं. ८ ऑगस्ट २०१९ ला पुरातनं माणसं बाहेर काढणारी बोट तिथं उलटली आणि १७ जीव गेले, त्यात बायका आणि लेकरं. त्यानंतर आमच्याकडं ज्याला परवडेल त्यानं जॅकेट घेतली. मी पहिल्यांदा ऑनलाइन घेतली, चारशेच्या आसपास एक, चार मागवली. फोटोत एकदम भारी, हातात आल्यावर हलकी, बकलाच्या पट्ट्याची शिवण नुसती वरवरची. पुढच्या उन्हाळ्यात विहिरीत, मिस्टर पाण्यात आणि काठावर दोघं पोहणारे उभे करून, आम्ही धाकट्याला ते घालून उतरवलं. खाली जाताच जॅकेट तरंगलं आणि पोरगं जॅकेटमधनं खाली सरकलं, गळ्यापाशी आलं, कान झाकले, हात वर अडकले. मिस्टरांनी लगेच धरलं म्हणून काही झालं नाही पण तो चेहरा मी विसरणार नाही. ती चारही जॅकेट मी परत वापरली नाहीत आणि कुणाला दिलीही नाहीत, पट्ट्या कापून टाकल्या.

नंतरची घेतली ती मिरजेतनं, दीड हजाराच्या आसपास एक, पोरांच्या मापाची वेगळी. बघायचं काय, तर आत कुठल्या वजनासाठी आहे ते लिहिलेलं पाहिजे, दोन पायांमधनं जाणारा पट्टा पाहिजे, तोच माणसाला जॅकेटमध्ये धरून ठेवतो, शिट्टी पाहिजे, आणि घातल्यावर दुसऱ्या माणसानं खांद्याला धरून वर उचललं तर जॅकेट हनुवटीच्या वर जाता कामा नये. ही टेस्ट दुकानातच करा. मोठ्याचं जॅकेट पोराला "वाढतं अंग आहे" म्हणून घेऊ नका, कपड्यांचं ठीक आहे, ह्याचं नाही. आणि जॅकेट घातलंय म्हणून भरलेल्या बोटीत चढू नका, पुढच्या फेरीला थांबा, आणि नावाड्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका.

बॅटऱ्यांचं थोडक्यात. पाणी चढायला लागलं की महावितरण लाइट बंद करतं, करावीच लागते, आणि ती परत यायला आठ-दहा दिवसही लागतात. चार्जिंगची मोठी बॅटरी दोन रात्रींत संपली आणि मग ती नुसती वजन. सेलवाली दीडशे रुपयांची साधी बॅटरी शेवटपर्यंत चालली, फक्त सेल बाहेर काढून प्लॅस्टिकमध्ये वेगळे ठेवायचे, नाहीतर वर्षभरात आतच फुगून पाझरतात. पॉवर बँक फोनसाठी पाहिजेच, पण टॉवरच बंद पडला की फोनही मुका, तेव्हा सेलवर चालणारा छोटा रेडिओ कामाला आला. नंबर मात्र फोनमध्ये नको, भिंतीवर आणि पिशवीत कागदावर लिहा, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७, ॲम्ब्युलन्सचा १०८, आणि बाकी तातडीच्या मदतीचा ११२.

आता ज्याशिवाय हे सगळं सामान फुकट आहे ते, म्हणजे बॅरल कधी भरायचं. पावसाळ्यात रोज सकाळी व्हॉट्सॲपवर पाणीपातळीचा तक्ता येतो, कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन, अंकली, म्हैसाळ, आणि कोयनेतनं किती सोडलं ते. बहुतेक लोक फक्त आयर्विनचा आकडा बघतात. तिथं ४० फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४५ म्हणजे धोका पातळी, पण ते सांगलीचं आहे. आपल्या गावासाठी वरच्या पुलांचे आकडे आधी बघा, कराड-ताकारी चढायला लागलं म्हणजे ते पाणी आपल्याकडं निघालंय. आणि कोयना, धरण १०५ टीएमसीचं (म्हणजे १०५ अब्ज घनफुटांचं), ते भरत आलेलं असताना वर पाऊस सुरू असेल तर दरवाजे उचलणारच, त्यांनाही पर्याय नसतो. १ लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लाख लिटर, हा आकडा मी आमच्या बचत गटात सांगितला तेव्हा सगळ्या गप्प झाल्या.

आमच्या घराचं आम्ही ठरवलंय असं, आयर्विनला ३५ आणि वरनं सोडणं वाढतंय असं दिसलं की बॅरल भरून, दोर लावून तयार. ४० ला जनावरं तासगावकडं पाहुण्यांकडं. ४५ ला माणसं, रात्र असो का दिवस. घरात पाणी यायला त्यानंतरही बराच वेळ असतो हे आम्हाला माहितीय, पण रस्ता आधी बंद होतो, घर नंतर बुडतं, आणि ओढ्यावरच्या पुलावर पाणी आलं की ट्रॉली निघत नाही. तुमचे आकडे वेगळे असतील, गावातल्या जुन्या माणसांना एवढंच विचारा की आपला रस्ता आयर्विनला किती असताना बंद झाला होता. २०२४ ला पाणी चाळिशीच्या आसपास आलं, २०२५ च्या ऑगस्टमध्ये चाळीसच्या वर गेलं, दोन्ही वेळा आम्ही जनावरं हलवली आणि घरात पाणी आलं नाही. मामा कुरकुरले, "उगं हेलपाटा झाला." होऊ दे. भाड्याचे दीड-दोन हजार गेले, म्हशी शाबूत आहेत. जनावरांसाठी मागं थांबणारी माणसंच जास्त अडकतात, म्हणून आमच्याकडं जनावरं आधी निघतात, मग माणसाला थांबायला कारणच उरत नाही.

माझी धाकटी बहीण सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात दिलीय, डोंगराच्या पायथ्याला घर. तिनंही बॅरल मागवलं माझ्याकडनं. मी तिला सांगितलं, तुला हे उपयोगाचं नाही गं. तिकडचा धोका वेगळा. २०२१ च्या त्याच जुलैमध्ये त्यांच्या तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळेला दरडी आल्या, तिथं पाणी फूट-फूट चढत नाही, डोंगर रात्रीत खाली येतो, दोर नि बॅरल काय करणार. तिथं पाहिजे ती दाराजवळची पिशवी, बूट, बॅटरी, आणि डोंगरात भेग पडली, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं किंवा आटलं, झाडं-खांब कलायला लागले की सगळं सोडून निघायची तयारी. आणि शिवाय तिकडं भूकंप. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनानगरचा भूकंप तिच्या सासूबाई अजून सांगतात, त्या तेव्हा पाळण्यातल्या, त्यांच्या आईनं सांगितलेलं सांगतात. म्हणून तिला म्हटलं, बॅरल घेतलंसच तर धान्याला वापर, पण झोपायच्या जागेवरच्या माळ्यावर जड काही ठेवू नको, कपाट भिंतीला पट्टीनं आवळून घे. तिनं कपाट आवळून घेतलंय, फोटो पाठवला मला.

पाणी उतरल्यानंतरचं दुकानदार सांगत नाहीत म्हणून मी सांगते, परतीचं सामान वेगळ्या पिशवीत ठेवा आणि ती बॅरलमध्ये अगदी वर. आमच्यात असतं, रबरी हातमोजे, गमबूट, लांब दांड्याचा झाडू, फिनेल, कोरड्या काड्यापेट्या, पिण्याचं पाणी शुद्ध करायच्या मेडिक्लोरची बाटली. घरात पाय टाकायच्या आधी काठीनं ढकलून बघा, साप आपल्यासारखेच कोरड्या जागेला आलेले असतात, आमच्या तर कॉटच्या गादीखाली निघाला. मेन स्विच स्वतः चालू करू नका, वायरमननं बघितल्याशिवाय तर नाहीच. आडाचं, बोअरचं पाणी आशाताई सांगतील तेवढे दिवस उकळून किंवा मेडिक्लोर टाकूनच. पायाला जखम असेल तर गाळात उतरू नका, उतरलात आणि नंतर ताप आला तर दवाखान्यात पुराच्या पाण्यात होतो हे स्वतःहून सांगा, लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस तापाची, तपासणी लवकर होते.

बॅरलच्या तक्रारी राहिल्या. लोखंडी रिंग दुसऱ्याच वर्षी गंजली, खटका इतका घट्ट झाला की आत्तींचं बोट चेमटलं, दरवर्षी मशीनचं तेल लावावं लागतं. ५० च्या बॅरलला कडेला धरायला कडी नाही, आम्ही दोराचं आडवं वेटोळं घालून दोन मुठी केल्यात, तशी नसेल तर ओल्या हातातनं सटकतं. रबर चौथ्या वर्षी ताणल्यावर बारीक चिरा दिसल्या, फुकट मिळालेलं जादा रबर तेव्हा कामाला आलं. मागच्या मे महिन्यात परत एक घ्यायला त्याच दुकानात गेले तर दुकानदारांनी ओळखलं, ८० रुपये घेतले, आणि विचारलं, "१०० चं काय केलंसा?" म्हटलं त्यात पेंड ठेवतो म्हशींची. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाले, आता पुराला म्हणून कुणी आलं तर मी ५० चीच दोन देतो.

पाचपैकी चार स्टार, एक स्टार त्या रिंगेचा कापला. नवीन रबर बसवून हौदात एक रात्र बुडवून बघितलंय, पेपर कोरडा निघाला, पेपरवर तारीख घालून तो झाकणाच्या आत चिकटवून ठेवलाय.